जुगाराची परवानगी आणि पर्यटनाचा हिशेब

द्यूताविषयी राज्यकर्त्याने कोणते धोरण ठेवावे, या प्रश्नावर भारतीय परंपरेत प्राचीन काळापासून दोन मते आढळतात. मनुस्मृतीने राजाला राज्यातून द्यूताचे उच्चाटन करण्यास सांगितले आहे. कौटिलीय अर्थशास्त्राने वेगळा मार्ग स्वीकारला. द्यूत एकाच ठिकाणी आणि द्यूताध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली चालावे, अन्यत्र खेळणाऱ्यास दंड व्हावा, फासे अध्यक्षानेच पुरवावेत आणि जिंकलेल्या रकमेचा पाच टक्के भाग राज्याने घ्यावा, अशी ती व्यवस्था होती. गुप्तपणे गैरमार्गाने उपजीविका करणाऱ्यांचा माग काढणे, हाही त्यामागील एक हेतू होता. निषेध आणि नियमन या दोन भूमिकांमधील हा वाद दोन हजार वर्षांनंतरही मिटलेला नाही.

विसाव्या शतकात या वादात एक नवा युक्तिवाद दाखल झाला. जुगाराला कायद्याची मान्यता दिली, तर बाहेरचे प्रवासी येतील, हॉटेले उभी राहतील, स्थानिक तरुणांना रोजगार मिळेल आणि तिजोरीत कर जमा होईल, असा तो युक्तिवाद आहे. येथे प्रश्न केवळ नीतीचा किंवा केवळ पोलिसांचा राहत नाही; तो बाजारपेठेचा होतो. म्हणूनच पर्यटन, आतिथ्य आणि कायदेमान्य जुगार हे तीन विषय एकत्र अभ्यासणारे विपणनशास्त्राचे प्राध्यापक गेल्या अर्धशतकात पुढे आले. अमेरिकेत लास व्हेगास येथील नेव्हाडा विद्यापीठात १९६७ मध्ये हॉटेल व्यवस्थापनाचे महाविद्यालय सुरू झाले आणि १९९३ मध्ये तेथेच जुगारउद्योगाच्या अभ्यासाची स्वतंत्र संस्था स्थापन झाली. या तज्ज्ञांचे शास्त्र नेमके काय पाहते, आणि त्याचा उपयोग लोकप्रतिनिधींना व प्रशासनाला कसा होऊ शकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तीन विषय, एक शास्त्र

विपणन म्हणजे केवळ जाहिरात नव्हे. ग्राहक कोण, तो कोठून येतो, त्याला काय हवे असते, तो किती खर्च करतो आणि पुन्हा का येतो, या प्रश्नांची पद्धतशीर उत्तरे शोधणे म्हणजे विपणन. पर्यटन आणि आतिथ्य या व्यवसायांची काही वैशिष्ट्ये आहेत. त्यांत विकली जाणारी वस्तू हाताळून पाहता येत नाही. ती ज्या ठिकाणी निर्माण होते, तेथेच उपभोगली जाते. शिवाय ती साठवता येत नाही. आंब्याची पेटी आज विकली गेली नाही, तर उद्या थोड्या कमी भावाने विकता येते. परंतु हॉटेलातील आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही. ते नुकसान कायमचे असते. त्यामुळे हंगाम नसताना प्रवासी कसे आणावेत, ही या व्यवसायाची सततची चिंता असते. जुगारगृहाला पावसाळा नसतो आणि रात्रही नसते. हॉटेलव्यवसायाला त्याचे आकर्षण वाटते, त्याचे हे एक प्रमुख कारण होय.

तथापि जुगार आणि इतर मनोरंजन यांत एक मूलभूत भेद आहे. नाटकाचे तिकीट काढणाऱ्यास आपला खर्च आधीच ठाऊक असतो. जुगार खेळणाऱ्यास तो खेळ संपेपर्यंत ठाऊक नसतो. मात्र जुगारगृहाच्या मालकास सरासरीने तो आधीच ठाऊक असतो. अमेरिकन पद्धतीच्या रूलेट चक्राचे उदाहरण घेता येईल. या चक्रावर ३८ घरे असतात. एखाद्याने प्रत्येक घरावर एक रुपया, म्हणजे एकूण ३८ रुपये लावले, तर एक घर निश्चितच जिंकते. त्याबद्दल ३५ रुपये आणि मूळचा एक रुपया असे ३६ रुपये परत मिळतात. दोन रुपये जुगारगृहाकडे राहतात. अर्थात दर शंभर रुपयांमागे सरासरी सव्वापाच रुपये ही जुगारगृहाची मिळकत होय. कोणताही हातखंडा किंवा नशीब हे गणित दीर्घकाळात बदलू शकत नाही.

हा दर वरवर पाहता लहान वाटतो. परंतु पैसा एकदा नव्हे, तर पुनःपुन्हा लावला जातो. कळ दाबून खेळावयाच्या स्लॉट यंत्रावर मिनिटाला आठ डाव होतात आणि प्रत्येक डावास दहा रुपये लागतात असे मानल्यास, तासाभरात ४,८०० रुपये फिरतात. यंत्र रुपयामागे आठ पैसे राखून ठेवीत असेल, तर खेळणाऱ्याचे तासाचे सरासरी नुकसान ३८४ रुपये होते. खेळ जितका वेगवान आणि बैठक जितकी लांब, तितके नुकसान अधिक. शालेय विद्यार्थ्यांना संभाव्यता शिकविताना शिक्षकांनी हे उदाहरण अवश्य वापरावे, इतके ते बोलके आहे.

या गणितातून विपणनशास्त्राचा पहिला प्रश्न निघतो : हे नुकसान कोणाच्या खिशातून होते? तो माणूस बाहेरगावचा असेल, तर त्या गावाच्या दृष्टीने ती निर्यातीची मिळकत ठरते. तो गावातलाच असेल, तर पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला एवढेच. आणि दुसरा खिसा परगावच्या कंपनीचा असेल, तर तो गावाबाहेर गेला. पर्यटनाच्या नावाने जुगाराला परवानगी देणाऱ्या निरनिराळ्या प्रदेशांचा इतिहास या एका प्रश्नाच्या प्रकाशात तपासून पाहण्याजोगा आहे.

नेव्हाडा : बाहेरचा प्रवासी

अमेरिकेतील नेव्हाडा हे वाळवंटी आणि विरळ लोकवस्तीचे राज्य. जागतिक मंदीच्या काळात, १९ मार्च १९३१ रोजी, तेथील राज्यपाल फ्रेड बाल्झर यांनी जुगाराला व्यापक मान्यता देणाऱ्या विधेयकावर स्वाक्षरी केली. त्याच वर्षी लास व्हेगासजवळ कोलोरॅडो नदीवरील प्रचंड धरणाचे काम सुरू झाले. १९४१ मध्ये शहराबाहेरच्या महामार्गावर पहिले जुगारगृहयुक्त निवासस्थान उघडले. पुढे शेजारच्या कॅलिफोर्निया राज्यातील, विशेषतः लॉस एंजेलिसमधील, मोटारीने येणारा प्रवासी हा या धंद्याचा आधार झाला. नेव्हाडाची स्वतःची लोकसंख्या अल्प असल्याने जुगारात हरणारा मनुष्य बहुधा बाहेरचाच असे.

प्रारंभीच्या काळात या धंद्यात गुन्हेगारी टोळ्यांचा शिरकाव झाला होता. त्यास आवर घालण्यासाठी १९५५ मध्ये नियंत्रण मंडळ आणि १९५९ मध्ये आयोग स्थापन करण्यात आला. १९६९ मध्ये भागभांडवल असलेल्या सार्वजनिक कंपन्यांना परवाने मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. परंतु विपणनाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची घटना वेगळीच होती. १९५९ मध्ये लास व्हेगासने भव्य संमेलनगृह उघडले आणि प्रवाशांच्या निवासावरील करातून शहराच्या प्रसिद्धीसाठी कायमची तरतूद केली. आठवड्याच्या मधल्या दिवसांत रिकाम्या राहणाऱ्या खोल्या व्यापारी संमेलनांनी भरू लागल्या. भोजन, नाट्यप्रयोग आणि खरेदी यांचा वाटा वाढत गेला. चालू शतकाच्या प्रारंभापासून तेथील प्रमुख रस्त्यावरील मोठ्या हॉटेलांच्या उत्पन्नाचा अर्ध्याहून अधिक भाग जुगारेतर सेवांतून येऊ लागला.

याचा अर्थ असा की, जुगाराने लास व्हेगासचे दार उघडले. परंतु आतिथ्यव्यवस्थेने शहर टिकविले. आणि ज्या काळात हे घडले, त्या काळात देशातील अन्य कोणत्याही राज्यात कायदेशीर जुगारगृह नव्हते. ही मक्तेदारी पुढे कोणालाही लाभणार नव्हती.

अटलांटिक सिटी : एका दिवसाचा पाहुणा

न्यू जर्सी राज्यातील अटलांटिक सिटी हे समुद्रकाठचे जुने विश्रामस्थान. १८५४ मध्ये रेल्वे आल्यापासून फिलाडेल्फिया व न्यूयॉर्क येथील लोक तेथे हवापालटासाठी जात. विमानप्रवास स्वस्त झाल्यावर त्याची रया गेली. शहराच्या पुनरुज्जीवनासाठी १९७६ मध्ये राज्यातील मतदारांनी केवळ त्याच शहरापुरती जुगारगृहांना मान्यता दिली आणि २६ मे १९७८ रोजी पहिले जुगारगृह उघडले.

पैसा आला, यात शंका नाही. हजारो लोकांना नोकऱ्याही मिळाल्या. परंतु येणारा बहुसंख्य ग्राहक बसने सकाळी येऊन सायंकाळी परतणारा होता. जुगारगृहांची रचनाच अशी की, आत शिरलेला मनुष्य जेवणखाण तेथेच करी आणि रस्त्यावरील दुकानांकडे फिरकत नसे. परिणामी गावातील अनेक जुनी उपाहारगृहे बंद पडली. शहराची लोकसंख्या १९७० मध्ये सुमारे ४८ हजार होती. १९९० मध्ये ती सुमारे ३८ हजारांवर आली. जुगारगृहांच्या उत्पन्नातील भाग शहराच्या विकासात पुन्हा गुंतविण्यासाठी १९८४ मध्ये स्वतंत्र प्राधिकरण निर्माण करावे लागले.

पुढे शेजारच्या पेनसिल्व्हेनिया राज्याने २००४ मध्ये स्लॉट यंत्रांना मान्यता दिली आणि २००६ पासून तेथील जुगारगृहे सुरू झाली. त्याच वर्षी अटलांटिक सिटीचे जुगार-उत्पन्न सुमारे ५२० कोटी डॉलर या उच्चांकावर होते. २०१४ पर्यंत ते जवळपास निम्म्यावर घसरले. त्या एका वर्षात बारापैकी चार जुगारगृहे बंद झाली आणि हजारो कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. जो ग्राहक केवळ जुगारासाठी येतो, त्याला घराजवळ जुगार मिळाल्यावर दूर जाण्याचे कारण उरत नाही. समुद्र, पायरस्ता आणि जुना लौकिक हे शहराचे खरे भांडवल होते. त्याची जोपासना झाली नाही.

प्राध्यापक जेव्हा जुगारगृहात जातो

या क्षेत्रातील तज्ज्ञतेचे सामर्थ्य आणि तिचा धोका दोन्ही एकाच उदाहरणात पाहावयाचे असतील, तर गॅरी लव्हमन यांचे उदाहरण घ्यावे लागेल. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये सेवाव्यवसायांचे व्यवस्थापन शिकविणारे हे प्राध्यापक १९९८ मध्ये हॅराज या जुगारगृहांच्या कंपनीत उच्चाधिकारी म्हणून गेले आणि २००३ मध्ये तिचे प्रमुख झाले. समाधानी कर्मचारी, समाधानी ग्राहक आणि नफा यांची साखळी हा त्यांच्या अध्यापनाचा विषय होता.

त्या काळी जुगारउद्योगाची समजूत अशी होती की, प्रचंड रकमा लावणारे मूठभर श्रीमंत हेच खरे ग्राहक. कंपनीने ग्राहकांना ओळखपत्रे दिली होती. ते पत्र यंत्रात घातले की प्रत्येक डावाची नोंद होई. लव्हमन यांनी या नोंदींचा अभ्यास करविला. २६ टक्के ग्राहक कंपनीला ८२ टक्के उत्पन्न देतात, असे त्यातून दिसून आले. आणि हे ग्राहक कोट्यधीश नव्हते. ते निवृत्त किंवा मध्यमवयीन शिक्षक, डॉक्टर, बँक कर्मचारी आणि यंत्रकामगार होते; संध्याकाळी कामावरून परतताना किंवा सुटीच्या दिवशी येणारे. कोणत्या सवलतीने ते अधिक खेळतात, याचे प्रयोगही झाले. एका गटाला मोफत खोली, दोन भोजने आणि ३० डॉलरची खेळनाणी असा १२५ डॉलरचा संच देऊ केला. दुसऱ्या गटाला केवळ ६० डॉलरची खेळनाणी. स्वस्त असलेला दुसरा प्रस्तावच अधिक परिणामकारक ठरला. लव्हमन यांनी हे सर्व २००३ मध्ये हार्वर्डच्या व्यवस्थापनविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले.

धंद्याच्या दृष्टीने हे असामान्य यश होते. परंतु त्यातील निष्कर्ष लोकप्रतिनिधींनी काळजीपूर्वक वाचावा. जुगारगृहाचा उत्तम ग्राहक जर संध्याकाळी कामावरून येणारा असेल, तर तो दूरचा पर्यटक नव्हे. तो आसपासचाच रहिवासी आहे. इयन एअर्स यांनी २००७ मधील आपल्या ग्रंथात याच कंपनीविषयी आणखी एक वर्णन केले आहे. ग्राहक किती रक्कम हरल्यावर निराश होऊन पुन्हा न येण्याची शक्यता असते, याचा अंदाज नोंदींवरून बांधला जाई. तो त्या मर्यादेजवळ पोहोचला की, एक हसतमुख कर्मचारी येऊन त्याला भोजनाचे निमंत्रण देई. हेतू हा की, त्याने उद्या पुन्हा यावे.

हरणाऱ्याची वेदना कोठे सुरू होते हे ज्या ज्ञानाने कळते, त्याच ज्ञानाने व्यसनाच्या वाटेवरील मनुष्य वेळीच ओळखता येतो. ते ज्ञान कोणाच्या सेवेत आहे, यावर सर्व अवलंबून राहते. जुगाराची अनिवार आसक्ती ही अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात १९८० मध्ये विकार म्हणून नोंदली गेली. २०१३ च्या आवृत्तीत तिला मद्य व अमली पदार्थांच्या व्यसनांच्या पंक्तीत बसविण्यात आले. या विकाराचे बिल जुगारगृह भरीत नाही. ते रुग्णाची पत्नी, मुले आणि वृद्ध आईवडील भरतात.

सिंगापूर आणि कांगवोन : दोन विरुद्ध चित्रे

सिंगापूरने अनेक दशके जुगारगृहांना नकार दिला होता. पर्यटनातील आपले स्थान घसरत असल्याचे दिसून आल्यावर एप्रिल २००५ मध्ये पंतप्रधान ली सिएन लूंग यांनी दोन संकुलांना मान्यता देण्याचा निर्णय संसदेत जाहीर केला. तेथेही मंत्रिमंडळात आणि जनतेत तीव्र मतभेद होते. निर्णय घेताना मात्र सरकारने बाहेरचा ग्राहक आणि घरचा माणूस यांत स्पष्ट भेद केला. परदेशी प्रवाशास प्रवेश विनामूल्य. नागरिकास व कायम रहिवाशास चोवीस तासांसाठी १०० सिंगापुरी डॉलर किंवा वर्षासाठी २,००० डॉलर प्रवेशशुल्क. एप्रिल २०१९ मध्ये ते अनुक्रमे १५० व ३,००० डॉलर करण्यात आले. हे शुल्क जुगारगृहाला मिळत नाही. ते सार्वजनिक व धर्मादाय कामांसाठी वापरले जाते.

जुगारगृहात पैसे काढण्याचे यंत्र ठेवण्यास मनाई आहे. सरकारी आर्थिक साहाय्य घेणाऱ्यांना आणि दिवाळखोरांना प्रवेश नाही. विशेष म्हणजे, कुटुंबातील व्यक्ती अर्ज करून आपल्या माणसाचा प्रवेश बंद करवू शकते. प्रत्येक संकुलातील जुगाराच्या जागेस कमाल १५,००० चौरस मीटरांची मर्यादा घातली गेली; उर्वरित विस्तारात संमेलनगृहे, संग्रहालय, उद्याने व हॉटेले आली. २०१० मध्ये दोन्ही संकुले उघडली. २००९ मध्ये सिंगापूरला ९७ लाख प्रवाशांनी भेट दिली होती. २०१३ मध्ये ही संख्या १ कोटी ५५ लाखांच्या पुढे गेली. ही सर्व वाढ या संकुलांमुळेच झाली असे म्हणता येणार नाही, कारण २००९ हे जागतिक मंदीचे वर्ष होते; तरी संकुलांचा वाटा त्यात निश्चित आहे.

याच्या उलट चित्र दक्षिण कोरियात दिसते. तेथील इतर सर्व जुगारगृहे केवळ परदेशी प्रवाशांसाठी आहेत. अपवाद एकच. कांगवोन प्रांतातील कोळशाच्या खाणी बंद पडू लागल्यावर खाणकामगारांच्या प्रदेशाचे पुनर्वसन करण्यासाठी १९९५ मध्ये विशेष कायदा झाला आणि २००० मध्ये कांगवोन लँड हे जुगारगृह उघडले. कोरियन नागरिकांना प्रवेश असलेले देशातील हे एकमेव ठिकाण. हेतू उदात्त होता आणि ठिकाण मुद्दाम राजधानीपासून दूर डोंगरात निवडले होते. पुढे अनेक वर्षे या एका जुगारगृहाचे उत्पन्न परदेशीयांसाठीच्या सर्व जुगारगृहांच्या एकत्रित उत्पन्नाच्या तोडीचे राहिले. परंतु हरणारे सर्व घरचेच होते. पायथ्याच्या गावात गहाणवटीची दुकाने दाटीने उभी राहिली आणि लोक मोटारी गहाण टाकून खेळू लागले. महिन्यात पंधरा दिवसांहून अधिक प्रवेश देऊ नये, असा नियम करावा लागला आणि व्यसनमुक्तीसाठी सल्लाकेंद्र काढावे लागले. खाणकामगारांच्या पुनर्वसनाचा खर्च अशा रीतीने दुसऱ्या कष्टकऱ्यांच्या घरांतून वसूल झाला.

मकावचा अनुभव आणखी निराळा आहे. २००२ मध्ये एकाधिकार संपुष्टात आल्यावर तेथील जुगार-उत्पन्नाने २००६ मध्ये लास व्हेगासच्या प्रमुख रस्त्याला मागे टाकले. ग्राहक बाहेरचा, म्हणजे मुख्यतः चीनमधील. परंतु एकाच पिकावर जगणाऱ्या शेतकऱ्यासारखी त्या प्रदेशाची स्थिती झाली. २०२० मध्ये साथीमुळे प्रवास थांबताच वर्षाचे जुगार-उत्पन्न सुमारे चार-पंचमांशाने घटले. २०२३ पासून लागू झालेल्या नव्या करारांत जुगारेतर पर्यटनात गुंतवणूक करण्याचे बंधन कंपन्यांवर घालण्यात आले, ते या अनुभवातूनच.

भारतातील व्यवस्था

भारतीय राज्यघटनेने पैज व जुगार हा विषय राज्यसूचीतील ३४ व्या नोंदीत ठेवला आहे. म्हणजे याबाबतचा निर्णय प्रामुख्याने राज्यांच्या हाती आहे. १९५७ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार किंवा व्यवसाय नव्हे. त्या निकालपत्रात ऋग्वेदातील जुगाऱ्याच्या विलापाचा आणि महाभारताचाही उल्लेख आहे. राज्य त्यास परवानगी देऊ शकते. परंतु ती कोणाचा हक्क ठरत नाही.

गोव्यात १९७६ चा सार्वजनिक जुगार अधिनियम मुळात प्रतिबंधक स्वरूपाचा होता. १९९० च्या दशकातील दुरुस्त्यांनी पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळांना आणि नौकांवर इतर खेळांना वाट मोकळी झाली. मांडवीच्या पात्रात नांगरलेल्या झगमगत्या नौका ही पणजीची एक ओळख बनली, आणि त्यांच्या विरोधात नागरिकांची आंदोलनेही झाली. १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना या जुगारगृहांत प्रवेशबंदी करण्यात आली. ज्या वस्तूपासून घरच्या माणसाला दूर ठेवावे लागते, ती पाहुण्याला विकावी काय, हा प्रश्न तेथील समाज आजही विचारीत आहे.

महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक अधिनियम लागू आहे. १९७६ मध्ये विधिमंडळाने कॅसिनोंच्या नियंत्रणाचा व करआकारणीचा कायदा संमत केला होता; परंतु तो कधीच अंमलात आणला गेला नाही. पर्यटनवाढीसाठी तो लागू करावा, अशी मागणी अधूनमधून होत राहिली. अखेर २०२३ मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला. दरम्यान जुगाराचे स्वरूपही पालटले. भ्रमणध्वनीवर पैसे लावून खेळावयाच्या खेळांना भौगोलिक सीमा राहिली नाही, आणि २०२५ मध्ये संसदेने अशा खेळांना मनाई करणारा कायदा केला. भ्रमणध्वनीवरच्या जुगाराने कोणत्याही गावात एकही प्रवासी येत नाही. तेथे पर्यटनाचा युक्तिवाद पूर्णतः गळून पडतो.

ग्रामसभेपुढे ठेवावयाचे प्रश्न

वरील अनुभवांवरून काही प्रश्न निश्चित करता येतात. ते केवळ जुगारगृहालाच नव्हे, तर पर्यटनाच्या नावाने गावात येणाऱ्या कोणत्याही मोठ्या प्रकल्पाला लागू पडतात.

पहिला प्रश्न ग्राहकाचा. येणारा पैसा शंभर किलोमीटरांच्या आतला किती आणि बाहेरचा किती? प्रवर्तकाने प्रवाशांची एकूण संख्या सांगितली, तरी तेवढ्याने समाधान मानू नये.

दुसरा प्रश्न मुक्कामाचा. प्रवासी गावात किती रात्री राहील आणि संकुलाच्या भिंतीबाहेर किती खर्च करील? अटलांटिक सिटीच्या उपाहारगृहांची आठवण येथे ठेवावी.

तिसरा प्रश्न पुरवठ्याचा. भाजी, दूध, मासळी, कापड, दुरुस्तीची कामे यांपैकी काय स्थानिकांकडून घेतले जाईल? नोकऱ्या कोणत्या दर्जाच्या असतील आणि त्यांसाठी प्रशिक्षण कोण देईल?

चौथा प्रश्न शेजाऱ्याचा. उद्या लगतच्या जिल्ह्याने किंवा राज्याने तीच सोय उपलब्ध केली, तर गावाकडे काय शिल्लक राहील?

पाचवा प्रश्न भाराचा. पाणी, कचरा, वाहतूक, पोलीस बंदोबस्त आणि व्यसनाधीनांवरील उपचार यांचा खर्च कोण उचलणार? कर राज्याच्या तिजोरीत आणि भार गावावर, अशी विभागणी होत नाही ना, हे पाहिले पाहिजे.

सहावा प्रश्न नियंत्रणाचा. ज्या उत्पन्नावर शासन अवलंबून राहू लागते, त्याच उत्पन्नाच्या उगमावर कठोर नियंत्रण ठेवणे त्यास अवघड जाते. म्हणून परवाना देणारी, कर घेणारी आणि तपासणी करणारी यंत्रणा परस्परांपासून वेगळी असावी.

या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी मोठ्या विद्यापीठातील तज्ज्ञाचीच आवश्यकता असते असे नाही. यात्रेच्या दिवशी आलेल्या वाहनांच्या क्रमांकपट्ट्यांची नोंद, निवासाची सोय करणाऱ्या घरांच्या नोंदवह्या, बाजारपेठेतील दुकानदारांकडे केलेली विचारपूस, एवढ्या साधनांनीही प्राथमिक चित्र उभे राहते. माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांकडून भूगोल व गणित या विषयांचा प्रकल्प म्हणून हे काम करून घेता येईल. १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झालेला सिंधुदुर्ग गोव्याच्या सीमेला लागून आहे. तेथील किनारा, दशावताराची परंपरा, जलदुर्ग आणि घरगुती भोजनव्यवस्था यांच्यासाठी येणारा प्रवासी एक रात्र अधिक कसा राहील, हा विचार अशा नोंदींच्या आधारेच करता येतो. असा प्रवासी हरून परत जात नाही आणि त्याच्या खर्चाचा पैसा गावातील अनेक घरांत वाटला जातो.

विपणनाच्या शास्त्राने जुगाराच्या बाबतीत दिलेला धडा हा असा आहे. प्रवाशांची गर्दी म्हणजे समृद्धी नव्हे, आणि करवसुली म्हणजे विकास नव्हे. पैसा कोणी गमावला, तो कोठे गेला आणि त्याच्या मागे घरात काय उरले, हे तपासल्यावरच हिशेब पूर्ण होतो. कौटिल्याने द्यूताध्यक्ष नेमताना राज्याचे उत्पन्न पाहिले, तसेच लपून राहणाऱ्या गोष्टी उघड होतील याचीही काळजी घेतली. आजच्या प्रशासनाने आणि पंचायतींनी परवानगीचा कागद हाती घेण्यापूर्वी तेवढी चौकशी केली, तर निर्णय होकाराचा असो वा नकाराचा, तो डोळसपणे घेतलेला असेल.